कंपनाचं रीडिंग रात्री चढतं, सकाळी उतरतं: पीझो सेन्सर आणि सिग्नल कंडिशनरची तपासणी

लक्षणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. पंप किंवा ब्लोअरवर पीझोइलेक्ट्रिक सेन्सर बसवलेला, पॅनेलमध्ये त्याचा सिग्नल मापात आणणारा सिग्नल कंडिशनर, त्यातून ४ ते २० मिलिअँपिअर पीएलसीला, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरला. एरवी रीडिंग २ मिमी/सेकंदच्या आसपास. एखाद्या रात्री ते ९-१० वर जातं, अलार्म वाजतो, कधी मशीन ट्रिपही होते, म्हणजे आपोआप बंद पडते. सकाळी हातात धरायच्या मीटरने बेअरिंग तपासलं तर सगळं ठीक. मग सेन्सर बदलतात. दोन-तीन आठवडे शांतता, आणि पुन्हा तेच. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींच्या शेडमध्ये पाऊस सुरू झाला की या तक्रारी वाढतात. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या शीतगृहांत त्या ऐन हंगामात, जानेवारी ते एप्रिल, येतात.

सेन्सर बदलल्यावर काही दिवस बरं वाटतं, आणि फसगत नेमकी इथेच होते. बदलताना कनेक्टर सुटतो, पुसला जातो, वाळतो आणि पुन्हा घट्ट बसतो. दोष कनेक्टरमध्येच असेल तर तेवढ्यानेही तो तात्पुरता जातो, आणि श्रेय मात्र नव्या सेन्सरला मिळतं. जुना सेन्सर भंगारात जातो, पुष्कळदा चांगला असूनही. म्हणून नव्या सेन्सरची ऑर्डर टाकण्याआधी एक मल्टिमीटर घ्या आणि खालच्या क्रमाने जा.

आधी सेन्सर कुठल्या जातीचा ते पाहा

बाहेरून सारखेच दिसणारे तीन प्रकार असतात. पहिला आयईपीई: स्टीलच्या घरातच छोटा अँप्लिफायर, दोनच तारा, त्याच तारांवरून वीज जाते आणि सिग्नल येतो. बाजारात याला सर्रास आयसीपी म्हणतात, पण ते पीसीबी पीझोट्रॉनिक्स या कंपनीचं व्यापारी नाव आहे, प्रकार तोच. दुसरा चार्ज प्रकार: आत फक्त स्फटिक, इलेक्ट्रॉनिक्स नाही, संवेदनशीलता पिकोकुलंब प्रति जी मध्ये (जी म्हणजे गुरुत्वीय प्रवेगाइतका प्रवेग). तिसरा ४-२० मिलिअँपिअर देणारा ट्रान्समीटर, ज्याच्या आतच सगळी गणितं होतात आणि ज्याला वेगळा कंडिशनर लागत नाही.

स्टोअरमधून तिसऱ्याच्या जागी पहिला निघाला की सेन्सर जळतो. आयईपीईला स्थिर प्रवाह हवा असतो, सहसा २ ते १० मिलिअँपिअर. पीएलसीच्या लूपमध्ये २४ व्होल्ट आणि २५० ओहमचा रोध असतो. सेन्सर स्वतःवर १२ व्होल्ट धरतो असं मानलं तर उरलेले १२ व्होल्ट भागिले २५० ओहम, म्हणजे ४८ मिलिअँपिअर. बहुतेक आयईपीई सेन्सरची कमाल मर्यादा १० ते २० मिलिअँपिअर असते. पॅनेलच्या पॉवर सप्लायचे, म्हणजे एसएमपीएसचे, २४ व्होल्ट थेट लावले तर ४८ वरही थांबत नाही. सेन्सरवर कोरलेला पार्ट नंबर वाचा आणि डाटाशीट उघडा. रंग, आकार किंवा दोन पिनांचा कनेक्टर यावरून काही ठरवू नका.

बायस व्होल्टेज: पहिलं आणि सगळ्यात स्वस्त माप

आयईपीई सेन्सरला स्थिर प्रवाह मिळाला की तो आपल्या दोन तारांमध्ये एक ठरावीक डीसी व्होल्टेज, म्हणजेच बायस, धरतो, साधारण ८ ते १४ व्होल्टच्या दरम्यान, बऱ्याच औद्योगिक सेन्सरमध्ये १२ च्या आसपास. कंपनाचा सिग्नल या पातळीवर वर-खाली नाचतो. कंडिशनरमधला कपॅसिटर ही डीसी पातळी अडवतो आणि फक्त नाच पुढे सोडतो.

माप घ्यायचं ते कंडिशनरच्या इनपुट टर्मिनलवर, सेन्सर जोडलेला आणि कंडिशनर चालू असताना. पुढच्या बीएनसी आउटपुटवर (गोल सॉकेटवर) मीटर लावून "बायस शून्य येतंय" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो सॉकेट कपॅसिटरनंतरचा असेल तर तिथे शून्यच दिसणार. चालू केल्यावर लगेच वाचू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या.

रीडिंग डाटाशीटमधल्या किंवा बसवताना नोंदवलेल्या आकड्याच्या एका व्होल्टच्या आत असेल तर सेन्सर आणि केबल ढोबळमानाने ठीक. पुरवठ्याइतकं, म्हणजे २४ च्या जवळ, आलं तर सर्किट उघडं आहे: तार तुटली, पिन मागे सरकली, किंवा आयईपीईच्या इनपुटला कुणी चार्ज प्रकारचा सेन्सर लावला. शून्याच्या जवळ आलं तर दोन शक्यता. इनपुटवरून केबल काढा. रीडिंग २४ ला उडी मारून गेलं तर कंडिशनर चांगला आहे आणि शॉर्ट पुढे कुठेतरी आहे. शून्यावरच राहिलं तर कंडिशनरचा प्रवाहस्रोत बंद आहे, आयईपीईचा डिप स्विच (सेटिंगचा छोटा स्विच) ऑफ आहे किंवा आतला पुरवठा मेला आहे.

कंडिशनरचा प्रवाह तपासायचा तर केबल काढून मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर थेट इनपुटच्या दोन टर्मिनलमध्ये लावा. स्थिर प्रवाहाच्या स्रोताला शॉर्टची भीती नसते. ४ मिलिअँपिअरचा कंडिशनर ४ च्या आसपासच दाखवायला हवा. दीड-दोन दाखवत असेल तर लांब केबलवर वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल दबणार.

त्रास देतात ती मधली रीडिंगं. ३ ते ७ व्होल्ट: ओल, अर्धवट शॉर्ट, किंवा सेन्सरचा अँप्लिफायर दुखावलेला. १५ ते २० व्होल्ट: सेन्सर मर्यादेबाहेर तापलेला, किंवा पूर्वी कधीतरी तापून गेलेला. सर्वसाधारण आयईपीईची मर्यादा १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. स्टीम लाइनजवळच्या पंपावर किंवा ड्रायरच्या पंख्यावर ती सहज ओलांडली जाते. आकडा स्थिर न राहता सावकाश सरकत असेल तर तापमान किंवा ओल. उड्या मारत असेल तर ढिला संपर्क.

दोष रात्रीच येत असेल तर मल्टिमीटर किमान-कमाल नोंदीवर ठेवून रात्रभर लावा आणि सकाळी दोन्ही आकडे पाहा. कमालमध्ये २३-२४ दिसलं तर संपर्क क्षणभर तुटला होता. एवढ्या एका मापाने बरीच चर्चा वाचते.

दोष लांब केबलच्या कुठल्या भागात आहे हे शोधायला जंक्शन बॉक्समध्ये जा आणि तिथे दोन तारा तारेच्या तुकड्याने जोडा. पॅनेलवर शून्य आलं पाहिजे. काढल्यावर २४ आलं पाहिजे. दोन्ही बरोबर आले तर पॅनेल ते जंक्शन बॉक्स निर्दोष. मग तेच सेन्सरच्या टोकाला करा.

बायस ठीक, तरी रीडिंग वेडंवाकडं

बहुतेक चर्चा बायसपाशी थांबते. "१२ व्होल्ट येतंय म्हणजे केबल ठीक आहे" हे अर्धसत्य आहे, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषाचं मूळ बहुधा त्याच्या उरलेल्या अर्ध्यात असतं.

४ मिलिअँपिअर आणि १२ व्होल्ट म्हणजे हिशेबाने ३ हजार ओहम. कनेक्टरमधल्या ओलीतून गळणारा रोध या पातळीवर आला तरच बायस खाली खेचला जातो. गळती १०० किलोओहमची असेल तर तिच्यातून जेमतेम ०.१२ मिलिअँपिअर जातं. सेन्सरचा अँप्लिफायर ते सहज सोसतो आणि मीटरवर १२ व्होल्टच दिसतं. पण ओलसर गळती स्थिर नसते. पाण्याचा थर सरकतो, सुकतो, त्यात क्षार विरघळतात. समजा त्या गळतीत ०.०१ मिलिअँपिअरची सावकाश चढउतार झाली आणि सेन्सरचा आउटपुट रोध १०० ओहम आहे. सिग्नलमध्ये १ मिलिव्होल्ट आला. १०० मिलिव्होल्ट प्रति जी च्या सेन्सरला हे ०.०१ जी वाटतं, कुणी लक्षही देणार नाही इतकं.

आता कंडिशनर या प्रवेगाचं इंटिग्रेशन करून वेग काढतो. प्रवेग भागिले २π गुणिले फ्रिक्वेन्सी. ०.०१ जी म्हणजे ०.०९८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. ही चढउतार २ हर्ट्झची असेल तर वेग निघतो ७.८ मिमी/सेकंद शिखर. तोच ०.०१ जी १०० हर्ट्झला असता तर ०.१६ मिमी/सेकंद निघाला असता. फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितका हा भागाकार खोट्या सिग्नलला फुगवतो. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे त्या आलेखात, शून्याजवळ उंच सुरू होऊन उजवीकडे उतरत जाणारा उतार दिसतो तो यामुळेच. बेअरिंग, असंतुलन, मिसअलाइनमेंट यांपैकी कशानेही असा गुळगुळीत उतार येत नाही, त्यांची शिखरं सुटी उभी राहतात.

म्हणून पाहायचं ते कंडिशनरचं कच्चं प्रवेग आउटपुट, बीएनसीवरचं, इंटिग्रेशन न केलेलं. ते ऑसिलोस्कोपवर किंवा अ‍ॅनालायझरवर टाइम वेव्हफॉर्ममध्ये पाहा. रेषा सावकाश डुलत असेल, मध्येच पायरी येऊन हळूहळू मूळ जागी परतत असेल, तर ते मशीनचं कंपन नव्हे. पीएलसीवरच्या एका आकड्यावरून हे कधीच कळणार नाही.

मग फिल्टर. मशीन ६०० आरपीएमच्या वर फिरत असेल तर आयएसओ १०८१६-३ (मशीनच्या कंपनाचं मानक) आणि तिच्या जागी २०२२ मध्ये आलेली २०८१६-३ यांतलं मोजमाप १० ते १००० हर्ट्झचं आहे. हळू फिरणाऱ्या मशीनसाठी खालची मर्यादा २ हर्ट्झ येते. १४५० आरपीएमच्या पंपाचा कंडिशनर २ हर्ट्झवर ठेवायचं कारण नसतं, तरी पुष्कळ ठिकाणी तो तसाच असतो, कारण डिप स्विचला कुणी हात लावलेला नसतो. तो १० वर नेला की बरेच खोटे अलार्म जातात. हा उपचार नव्हे, पण ट्रिप थांबते आणि शांतपणे ओल शोधायला वेळ मिळतो. कूलिंग टॉवरच्या पंख्यावर मात्र १० हर्ट्झ ठेवू नका. पंखा ३०० आरपीएमचा असेल तर त्याचं मुख्य कंपन ५ हर्ट्झला आहे आणि तेच तुम्ही गाळून टाकाल.

ओल कुठून शिरते

सेन्सर स्वतः वेल्ड करून बंद केलेला असतो, पाणी त्याच्या आत सहसा जात नाही. ते जातं सेन्सर आणि केबल यांच्या सांध्यात आणि जंक्शन बॉक्समध्ये.

केबल सेन्सरकडे उतरत येत असेल तर थेंब थेट कनेक्टरवर येतात. सेन्सरच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाला गळून पडेल. जंक्शन बॉक्सचे ग्लँड (केबल आत घ्यायचे सील) नेहमी खालच्या बाजूला. वरून ग्लँड घेतलेला बॉक्स पावसाळ्यात भरतो, त्यावर आयपी ६५ लिहिलं असलं तरी, कारण ग्लँडचं रबर आणि केबलची जाडी जुळलेली नसते. ६ मिलिमीटरची केबल ८ ते १२ च्या ग्लँडमध्ये टेप गुंडाळून बसवण्याची पद्धत ताबडतोब बंद करा.

सीएनसी आणि ग्राइंडिंग मशीनवर शत्रू पाणी नसून कूलंट असतो. पाण्यात मिसळणारं तेल कनेक्टरच्या पिनांवर पातळ, वीजवाहक थर सोडतं, आणि साध्या पीव्हीसीची केबल त्यात काही महिन्यांत कडक होऊन चिरते. तिथे पॉलियुरेथेन किंवा एफईपी आवरणाची केबल आणि साच्यात ओतलेला कनेक्टर घ्या. महाग वाटतो, पण स्पिंडल थांबण्यापेक्षा स्वस्त.

शीतगृहाची गोष्ट वेगळी. बाहेरच्या व्हरांड्यात ३५ अंश, आत शून्याच्या आसपास. कॉन्ड्युटमधून बाहेरची दमट हवा आत सरकते आणि थंड टोकाला, म्हणजे नेमकी पंख्याच्या मोटरवरच्या सेन्सरपाशी, तिचं पाणी होतं. डीफ्रॉस्ट चालू झालं की आणखी. इथे कनेक्टरला कितीही टेप गुंडाळा, उपयोग नाही, कारण पाणी आतून येतंय. भिंत ओलांडते तिथे कॉन्ड्युट सीलिंग कंपाउंडने बंद करा, बाहेरच्या तोंडाला. निफाडच्या थंडीत उघड्यावरच्या पंपांनाही पहाटे याच कारणाने दव धरतं.

साफसफाईची पद्धत: कंडिशनर बंद करा, कनेक्टर सोडा, दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने धुवा, ५०-६० अंशांच्या गरम हवेने दहा-पंधरा मिनिटं वाळवा. पिना हिरवट किंवा काळ्या झाल्या असतील तर कनेक्टर बदला, घासत बसू नका. जोडण्याआधी रबरी बुटाच्या आत आणि सांध्याच्या कडेला डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस भरा. गंज काढायचा स्प्रे मारून सोडून देऊ नका, त्याचा चिकट थर धूळ धरतो. मग कनेक्टरचं कडं शेवटपर्यंत फिरवा. हाताला घट्ट वाटतं आणि अजून अर्धा आटा बाकी असतो, असं सर्रास घडतं.

केबलचं इन्सुलेशन मेगरने पाहायचं असेल तर आधी दोन्ही टोकं मोकळी करा, सेन्सरकडचं आणि कंडिशनरकडचंही. सेन्सर जोडलेला असताना ५०० व्होल्टचा मेगर फिरवला तर आतला अँप्लिफायर गेला. मोटरची वार्षिक तपासणी करणारी माणसं वेगळी आणि कंपनाचं पाहणारी वेगळी असली की हा अपघात होतो. केबलसाठी ५० किंवा १०० व्होल्टची रेंज पुरते. कोरड्या, चांगल्या केबलला शेकडो मेगओहम यायला हवेत. काही मेगओहमच आले तर एखाद्या सांध्यात पाणी आहे. चाचणीनंतर तारा एकमेकींना टेकवून साठलेला चार्ज काढा, मगच सेन्सर जोडा.

५० हर्ट्झचं शिखर

दोन ध्रुवांची मोटर २९५० आरपीएमने फिरते म्हणजे ४९.१७ हर्ट्झ. वीजपुरवठा ५० हर्ट्झ. अ‍ॅनालायझरचं रिझोल्यूशन १ हर्ट्झ असेल तर दोन्ही एकच दिसतात आणि ग्राउंड लूपला (दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाला) असंतुलन समजून रोटर बॅलन्सिंगला जातो. रिझोल्यूशन किमान ०.२५ हर्ट्झ ठेवा, म्हणजे ४ सेकंदांची नोंद.

मोटर बंद करा. शिखर तसंच राहिलं तर ते वायरिंगमधून येतंय. मोटर बंद करताच क्षणात नाहीसं होणारं १०० हर्ट्झचं शिखर मोटरच्या चुंबकीय बलाचं असतं, ते खरं कंपन आहे, कंडिशनरला दोष देऊ नका. फिरण्याबरोबर हळूहळू उतरत जाणारं शिखर यांत्रिक. मशीन बंद असतानाचं रीडिंग तसंही एकदा नोंदवून ठेवावं, पण प्रेस शॉपच्या शेजारच्या शेडमध्ये ते शून्य येईल अशी अपेक्षा नको. तिथे जमीनच हलते.

ग्राउंड लूप पकडायला मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून मशीनच्या धातूपासून कंडिशनरच्या सिग्नल कॉमनपर्यंत मोजा. काही मिलिव्होल्ट ठीक, काहीशे असतील तर लूपला खाद्य आहे. उन्हाळ्यात अर्थ पिट कोरडे पडले की हा आकडा वाढतो. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, पॅनेलकडे. सेन्सरकडचं टोक कापून हीटश्रिंक लावून मोकळं ठेवा. सेन्सर केस-आयसोलेटेड नसेल तर त्याचं घर आणि सिग्नल कॉमन एकच असतात, आणि एसएमपीएसचं निगेटिव्ह पॅनेलमध्ये अर्थला जोडलेलं असेल तर लूप तयार झालाच. अशा वेळी सेन्सरखाली आयसोलेटिंग बेस वापरा, किंवा पुढच्या खरेदीत आयसोलेटेड घ्या.

व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा, गोंगाट वेगळा दिसतो. ड्राइव्ह चालू करताच रीडिंग उडी मारतं, वेगाशी नातं नसतं. सेन्सरची केबल मोटरच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये आहे का ते पाहा. किमान ३०० मिलिमीटर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

सिग्नल कापला जातो तेव्हा

गिअरबॉक्स, कॅव्हिटेशन (आत बुडबुडे बनून फुटणं) होणारा पंप, ग्राइंडिंग स्पिंडल इथे १०० मिलिव्होल्ट प्रति जी चा सेन्सर भरून वाहू शकतो. त्याची पोच साधारण ±५० जी, म्हणजे ±५ व्होल्ट. सेन्सरचा स्वतःचा रेझोनन्स २५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथले बारीक ठोके तो कितीतरी पटींनी वाढवून अँप्लिफायरला देतो. तुम्ही १ किलोहर्ट्झपर्यंतच मोजत असाल, अँप्लिफायर मात्र सगळं सोसतोय. तो कापला गेला की सावरताना सावकाश डुलतो, आणि पुन्हा तोच खोटा उतार. ओल आणि कॅव्हिटेशन यांचं स्पेक्ट्रम जवळजवळ जुळं दिसतं. फरक असा की कॅव्हिटेशनमध्ये कच्च्या वेव्हफॉर्मवर डोकी कापलेले ठोके दिसतात, आणि सक्शनच्या गाळणी-जाळीतला कचरा काढला की ते जातं.

पुरवठा कमी असेल तर कापणं लवकर सुरू होतं. बायस १२ व्होल्ट, पुरवठा २४, प्रवाहस्रोताला स्वतःला एखादा व्होल्ट. वर जायला ११ व्होल्ट जागा उरते, पुरेशी. बॅटरीवरच्या कंडिशनरची बॅटरी उतरून पुरवठा १५ झाला तर उरते २ व्होल्ट, म्हणजे २० जी. नकारात्मक अर्धं पूर्ण, सकारात्मक कापलेलं, अशी एकतर्फी लाट दिसली की आधी पुरवठा मोजा. अशा जागी १० मिलिव्होल्ट प्रति जी चा सेन्सर योग्य. बदलल्यावर कंडिशनरची सेटिंगही बदला, नाहीतर रीडिंग दहापट कमी दाखवेल आणि सगळे खूश होतील.

केबलच्या लांबीचा हिशेब: कमाल फ्रिक्वेन्सी म्हणजे प्रवाहातून १ मिलिअँपिअर वजा करून, त्याला २π, केबलची धारिता आणि शिखर व्होल्टेज यांच्या गुणाकाराने भागायचं. १०० मीटर केबल, मीटरला १०० पिकोफॅरड, ५ व्होल्ट शिखर: २ मिलिअँपिअरवर ३.२ किलोहर्ट्झ, ४ वर ९.५ किलोहर्ट्झ. वेगाच्या मोजमापाला दोन्ही पुरतात. बेअरिंगच्या एन्व्हलपसाठी (वरच्या फ्रिक्वेन्सीतल्या बारीक ठोक्यांच्या विश्लेषणासाठी) ४ किंवा जास्त ठेवा.

बसवणी

थोडक्यात. पृष्ठभाग सपाट, रंग खरवडलेला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर, स्टडचा टॉर्क डाटाशीटप्रमाणे, औद्योगिक सेन्सरला साधारण ३ ते ६ न्यूटन-मीटर. वक्र पृष्ठभागावरच्या दोन पायांच्या चुंबकाने २ किलोहर्ट्झच्या पुढचं फारसं खरं मानू नका. चुंबक एकदम टकदिशी सोडू नका, एक कड टेकवून हळूच आडवा करा. तो ठोका हजारो जी चा असू शकतो.

चार्ज प्रकार

नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रांत किंवा भट्टीजवळ, जिथे आयईपीई टिकत नाही, तिथे चार्ज सेन्सर वापरतात. इथे वरचा सगळा हिशेब कडक होतो. सेन्सर ते चार्ज अँप्लिफायर या भागात काही किलोओहम नव्हे, मेगओहमांत गळती झाली तरी खालची फ्रिक्वेन्सी डुलते. केबल फक्त कमी-गोंगाटाची, ग्रॅफाइट थराची. साधी कोअ‍ॅक्सिअल हलली की घर्षणाने स्वतःच चार्ज निर्माण करते. दर २०-३० सेंटिमीटरवर क्लिप मारून ती हलूच देऊ नका. कनेक्टरला उघड्या बोटाने स्पर्श नको, घामाचा थर पुरतो. शक्य तितक्या जवळ, थंड जागी, इनलाइन कन्व्हर्टर लावून पुढचा प्रवास आयईपीईसारखा करणं हा शहाणपणाचा मार्ग.

आउटपुटच्या बाजूला

कंडिशनरला अ‍ॅनालायझर जोडताना अ‍ॅनालायझरचा आयईपीई पुरवठा बंद ठेवा. दोन्हीकडून प्रवाह गेला की इनपुट ओव्हरलोड दाखवतं आणि कंडिशनर बिघडल्याचा संशय येतो. जुन्या डाटा लॉगरचा इनपुट रोध कमी असेल तर तोही खालची फ्रिक्वेन्सी खातो: कंडिशनरचा १० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम मिळून १.६ हर्ट्झची कट-ऑफ होते.

पीएलसीचं स्केलिंग वेगळंच तपासा. १०० हर्ट्झला १ जी आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) म्हणजे १५.६ मिमी/सेकंद आरएमएस. आयईपीई सिम्युलेटरमधून १०० मिलिव्होल्ट आरएमएस, १०० हर्ट्झ दिलं, रेंज ० ते २५ आहे, तर १४ मिलिअँपिअर यायला हवेत. हाताने धरायचा शेकर-कॅलिब्रेटर असेल तर आणखी सोपं: १५९.२ हर्ट्झ आणि १० मीटर प्रति सेकंद वर्ग म्हणजे नेमके १० मिमी/सेकंद, ० ते २५ च्या रेंजवर १०.४ मिलिअँपिअर. लूपमध्ये १०.४ आहे आणि स्क्रीनवर १४.१ दिसतंय तर कुणीतरी आरएमएसला १.४१४ ने गुणून शिखर केलंय. ९.८ पट फरक असेल तर जी आणि मीटर प्रति सेकंद वर्ग यांची अदलाबदल झाली आहे.

अलार्मला ३ ते १० सेकंदांचा विलंब ठेवा आणि कंडिशनर चालू झाल्यावर पहिलं मिनिट ट्रिप रोखून धरा. वीज जाऊन आली की बायस स्थिरावताना येणारी पायरी इंटिग्रेटरला भूकंपासारखी वाटते.

सेन्सर खरंच गेला हे कसं ठरवायचं

तो काढा, टेबलावर आणा, खात्रीच्या दोन मीटर केबलने खात्रीच्या कंडिशनरला जोडा. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बायस नोंदीपेक्षा दोन-तीन व्होल्ट सरकलेलं असेल तर तो पूर्वी पडलेला किंवा भाजलेला आहे. बायस बरोबर असेल तर शेकरवर ठेवून संवेदनशीलता पाहा. १०० मिलिव्होल्ट प्रति जी च्या स्वस्त औद्योगिक सेन्सरला ±१० टक्क्यांची मुभा कंपन्या डाटाशीटमध्येच देतात, काही मॉडेलना ±१५ ते २०, त्यामुळे ९३ आलं म्हणून फेकू नका. टेबलावर सगळं ठीक आणि मशीनवर वाईट, तर तो पुन्हा बसवा आणि कनेक्टर, झोळ, ग्लँड या वाटेने जा. नवा बसवताना बायसचा आकडा, तारीख आणि कंडिशनरच्या डिप स्विचची स्थिती एका अ‍ॅल्युमिनियमच्या टॅगवर कोरून जंक्शन बॉक्समध्ये टांगा. रजिस्टर रात्रपाळीला सापडत नाही. बायस मर्यादेबाहेर गेलेला सेन्सर उघडून दुरुस्त होत नाही, तो वेल्ड केलेला असतो. त्याची केबल कापून बाजूला ठेवा, म्हणजे कुणी तो पुन्हा स्टोअरच्या रॅकवर ठेवणार नाही.